अर्ध्या जीवनसत्त्वाचे सर

सरांवर मी आजवर तीन भाषणं केली आणि तिन्ही वेळा सभागृह पोट धरून हसलं. पहिलं भाषण त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात, दुसरं माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आणि तिसरं माझ्या स्वतःच्या सत्कारात. सत्कार माझा आणि हसं त्यांचं, अशी ती वाटणी होती. बाहेर पडताना लोक म्हणाले, "काय हुबेहूब सर उभे केलेत तुम्ही." खरं तर मीच त्यांना खाली बसवलं होतं, ते कसं, हे मात्र तिन्ही भाषणांत आलं नाही. आता माझं वय शहात्तर आहे. माझी बढती अडवू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही, त्यामुळे मला सत्य बोलण्याचं धैर्य आलं आहे.

सर अकोल्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग काही वर्षं त्यांच्याच विभागात सहकारी आणि नंतर अमरावतीच्या कॉलेजात जाऊन डॉक्टरेट मिळवलेला मोठा माणूस. आमचं घर अमरावतीतल्या वकिलांचं. शुद्ध बोलणं ही आमच्याकडे इस्टेट समजली जाई. सर भातकुलीकडच्या शेतकरी घरातले. ते घरी जे बोलत तेच वर्गात बोलत. पहिल्या तासाला फळ्याकडे पाठ करून ते म्हणाले होते, "पोट्टे हो, जंतूले डोळे नाईत, तरी त्याले समजते आपल्याले काय पायजे. तुमाले डोळे हायत." पुढचं वाक्य येईल म्हणून आम्ही वही उघडून बसलो. ते आलंच नाही. सरांची बरीच वाक्यं अशी मध्येच संपत आणि उरलेलं आम्ही जन्मभर पुरं करत बसलो.

त्यांची ताकाची सवय सगळ्या अकोल्याला ठाऊक होती. जठारपेठेत कुणाच्याही घरी गेले की चहा नाकारून ताक मागत. ते पीत नसत. पेला खिडकीत उजेडाला ठेवून वर निवळ पाणी येईपर्यंत गप्प बसून राहत. मग त्या पाण्याच्या हिरवट पिवळ्या रंगाकडे पाहून म्हणत, "हे पाहा बी-टू. रायबोफ्लेविन. उजेडात ठेवलं तं मरते बिचारं." यजमानांना हे दहा वेळा ऐकून पाठ झालेलं असे. एकदा ते पुतण्यासाठी मुलगी पाहायला वडीलधारे म्हणून गेले. मुलगी पोहे घेऊन आली, उभी राहिली, परत गेली. सर अर्धा तास ताकाच्या पेल्याकडे पाहत होते. मुलीच्या बापाला वाटलं की यांना काहीतरी खोट दिसली. शेवटी त्यांनी धीर करून विचारलं, "काही कमी आहे का?" सर म्हणाले, "थोडं कमी हाय. म्हशीचं हाय काय?" ते लग्न दुसरीकडे झालं. ही गोष्ट मी तिन्ही भाषणांत सांगितली आहे. दर वेळी ती हमखास चालली.

दुसरी हमखास चालणारी गोष्ट इन्क्युबेटरची. जगभरात हे कपाट जंतू आणि पेशी वाढवण्यासाठी तापवतात, म्हणजे आतलं तापमान अंगाच्या उष्णतेएवढं राहतं. अकोल्यात मे महिन्यात खोलीच पंचेचाळिसावर असते. म्हणून सर कपाटाला ओलं गोणपाट गुंडाळत, समोर कूलर लावत आणि दर तासाला पाणी शिंपडत. मी एकदा म्हणालो, "सर, हे इन्क्युबेटर आहे की माठ?" ते म्हणाले, "बापू, जे थंड होते ते माठ. कावून तुले वेगळं वाटून राह्यलं?"

ते मला बापू म्हणत. वऱ्हाडात धाकट्या माणसाला मायेने बापू म्हणतात. मी डॉक्टर झालो, नंतर विभागात वर चढलो, तरी भर परिषदेत त्यांनी मला बापूच म्हटलं. मला ते आवडत नसे. आज ते लिहिताना फार पोरकट वाटतं, पण पुढे जे झालं त्यात या नावडीचाही वाटा आहे, म्हणून नोंदवतो.

आता मुख्य विषय. सरांच्या डोक्यात एक कल्पना होती आणि ती त्यांनी मला कॉलेजच्या कँटीनमध्ये समजावून सांगितली होती. रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आपल्या शरीराला बनवता येत नाही. ते आपण खाण्यातून घेतो. पुष्कळ जंतूंना मात्र ते बनवता येतं. समोरच्या ताटलीत जिलेबी होती. सरांनी ती उचलली.

"बापू, तुह्या घरात जिलेबी दिसली तं तू काय म्हनशीन?"

"कुणीतरी बाजारातून आणली."

"बरोबर. आन् घरात भिजवलेलं पीठ दिसलं, आंबून राह्यलेलं, तुह्या बायकोनं भिजवलेलं नाई, तं?"

"तर कुणीतरी आचारी घरात शिरला आहे."

"हेच म्हनतो मी. तयार जीवनसत्त्व पाहून शरीराचा चौकीदार उठत नाई. ते कुठूनही येते. पन अर्धवट बनलेलं दिसलं, म्हंजे बनवनारा इथंच हाय. आपन तं बनवत नाई. मंग कोन बनवून राह्यला? जंतू. मंग चौकीदार उठते."

चौकीदार म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. मी हसलो. जिलेबीवरून प्रतिकारशक्ती समजावणारा शास्त्रज्ञ मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिला नव्हता. पाठ्यपुस्तकं सांगत की पेशी जंतूंची प्रथिनं ओळखतात. जीवनसत्त्वाचा कच्चा माल ओळखतात असं कुणीच म्हणत नव्हतं. आणि कुणीच म्हणत नसलेली गोष्ट अकोल्यातून कशी निघेल, हा आमचा शास्त्रीय निकष होता.

पण सरांकडे नुसती जिलेबी नव्हती. ते जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेत आणि जंतू नसलेलं ते पाणी स्वतःच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या पेशींवर टाकत. दुसऱ्या दिवशी काचपट्टीवर रंग देऊन दोनशे पेशी मोजत आणि त्यांतल्या फुगून मोठ्या झालेल्या, म्हणजे जाग्या झालेल्या पेशी किती ते लिहीत. औषधाच्या दुकानातलं शुद्ध रायबोफ्लेविन टाकलं तर काही होत नसे. फॉलिक अ‍ॅसिड टाकलं तरी नाही. ज्या जंतूंना हे जीवनसत्त्व बनवता येत नाही त्यांचं पाणी टाकलं तरी फारसं नाही. बनवणाऱ्या जंतूंचं ताजं पाणी टाकलं की पेशी फुगत. आणि तेच पाणी दिवसभर ठेवून टाकलं, की पुन्हा काही नाही. "अर्धवट वस्तू टिकत नाई, बापू," ते म्हणत. "दोन-तीन घंट्यांत निरा मोडून जाते, बर्फात ठेवलं तं दोन घंटे जास्त. जे करायचं ते ताजं असतानी."

हे सगळं त्यांनी सिद्ध केलं होतं असं मी म्हणत नाही. जंतूंच्या पाण्यात इतर अनेक गोष्टी असतात, त्यांनीही पेशी जाग्या होऊ शकतात. नेमका पदार्थ वेगळा काढायला लागणारी यंत्रं त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे गोणपाट होतं. पण निरीक्षण होतं, आणि वयाच्या पन्नाशीला त्यांनी त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. त्यावर त्यांचं सगळंच अवलंबून होतं. प्रबंध मान्य झाला असता तर संशोधनासाठी अनुदान मागता आलं असतं, यंत्रं मागता आली असती, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी ऐकून घेतलं असतं.

विद्यापीठाच्या समितीने ठरवलं की प्रबंध मान्य करण्याआधी मुख्य प्रयोग अमरावतीला आमच्या प्रयोगशाळेत करून पाहावा. समितीत आमचे विभागप्रमुख होते. त्यांनी एका परिषदेत या कामाला 'अकोल्याचं ताक' म्हटलं होतं आणि टाळ्या मिळवल्या होत्या. टाळ्या मिळालेलं मत माणूस सहजी बदलत नाही. ते मला म्हणाले, "त्यात काही निघणार नाही हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त बघून घ्या." पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती आणि मुलाखत घेणाऱ्यांत ते होते. त्यांनी मला खोटं लिहायला सांगितलं असं कुणी समजू नये. एवढ्या तयारीच्या माणसाला सांगावं लागत नाही.

ठरलेल्या दिवशी सर सकाळी पाणी गाळून आठच्या एसटीने निघाले. स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली, डब्याला ओला पंचा, आणि डबा मांडीवर. अकरा वाजता ते आमच्या दारात उभे होते. पहिलं वाक्य: "बापू, आधी हे. चहा मंग."

मी माझ्या रक्तातल्या पेशी तयार ठेवल्या होत्या. तेवढ्यात विभागप्रमुख बाहेर आले. ते इतक्या प्रेमाने बाहेर येताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"या, या. आधी नाश्ता. खास गिला वडा मागवलाय."

"नंतर खाईन साहेब. हे खराब होईन."

"अहो, अकोल्याहून आलात. घोटभर पाणी तर घ्या."

"पानी घेतो. बाकी काम झाल्यावर."

विभागप्रमुख हसून म्हणाले, "काय सर, आमच्या हातचं चालत नाही का?"

वऱ्हाडात या वाक्यापुढे माणूस उभा राहू शकत नाही. नाही म्हणणं म्हणजे घराला बट्टा लावणं. एरवी प्राचार्यांनाही तोंडावर सुनावणारे सर खाली बसले. दह्यात भिजलेला गिला वडा आला. मग चहा. मग विभागप्रमुखांनी आपल्या परदेशवारीचे फोटो दाखवायला काढले. मग जेवण, कारण जेवणाची वेळ झाली होती, आणि वेळ झाल्यावर पाहुण्याला उपाशी ठेवायला आम्ही काही पुण्याचे नाही. सर डबा मांडीवरून खाली ठेवत नव्हते. दर पंधरा मिनिटांनी माझ्याकडे पाहत. मी वाढत होतो.

अधिकृत प्रयोग चार वाजता सुरू झाला. सगळं नियमाप्रमाणे, सह्यांसकट.

एवढं लोकांना माहीत आहे. आता माहीत नसलेलं.

साडेअकराला, सर पहिला वडा मोडत असताना, मी म्हणालो, "बर्फ बदलून आणतो." डबा घेऊन आत गेलो. बाटलीतलं थोडं पाणी एका नळीत माझ्या पेशींवर टाकलं आणि नळी कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कुतूहल असेल. सरांनीच लावलेली सवय. मग बर्फ घातला आणि डबा परत नेऊन दिला. त्यांनी तो पुन्हा मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बरं केलं बापू."

संध्याकाळच्या गाडीने ते गेले. मी म्हटलं, उद्या निकाल पाहून जा. ते म्हणाले, "कशाले? मोजायले तुले मीच शिकवलं. तुह्यावर सोडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी चार वाजताच्या नळ्यांच्या काचपट्ट्या पाहिल्या. काही नाही. विभागप्रमुखांनी पाहिल्या, मान हलवली, घरी फोन लावून जेवायला काय आहे ते विचारलं. ते गेल्यावर मी साडेअकराची पट्टी लावली. फुगलेल्या पेशी शोधाव्या लागल्या नाहीत. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. माझ्याच रक्तातल्या पेशी सरांच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या, आणि बसून राहिलेला मी एकटाच होतो.

अहवालात मी लिहिलं: 'सादर केलेल्या नमुन्यात अपेक्षित परिणाम आढळला नाही.' वाक्य खोटं नाही. मी ते फार काळजीपूर्वक लिहिलं होतं. वकिलांच्या घरातला मी. साडेअकराची पट्टी धुऊन टाकली. पुढच्या महिन्यात मला बढती मिळाली आणि मी पेढे वाटले. अकोल्यालाही पाठवले.

मला भीती होती की सर भांडतील, पुन्हा प्रयोग करा म्हणतील, वर्तमानपत्रात लिहितील. भांडले असते तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. ते भांडले नाहीत. विभागातल्या कुणीतरी त्यांना डिवचलं, "काय सर, ताक नासलं का?" तर ते म्हणाले, "बापूनं पाह्यलं म्हंजे बरोबरच पाह्यलं असंन. मायंच कुठं तरी चुकलं." त्यांनी प्रबंध मागे घेतला. इन्क्युबेटरचं गोणपाट काढून टाकलं. निवृत्त होईपर्यंत बी.एस्सी.च्या पोरांना दुधाच्या नमुन्यांतले जंतू मोजायला शिकवत राहिले. लोकांच्या घरी जाऊन ताक मागणं मात्र सुटलं. आधी मला वाटलं होतं की बरं झालं, शहाणे झाले.

यानंतर मी ती तीन भाषणं केली, याच माणसावर.

मागच्या वर्षी अमरावतीत एका व्याख्यानाला मला अध्यक्ष म्हणून बोलावलं. निवृत्त माणसाला अध्यक्ष करतात, कारण शाल घरीच असते. व्याख्याती एक तरुण प्राध्यापिका होती. तिने सांगितलं की आपल्या शरीरात, विशेषतः यकृतात, आतड्यात, फुप्फुसात, मेट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जंतू रायबोफ्लेविन बनवत असताना मधल्या टप्प्यावर जे अर्धवट रेणू तयार होतात, ते आपल्या पेशींवरचा एमआर-वन नावाचा एक रेणू हातात धरावेत तसे धरतो आणि बाहेर दाखवतो. ते दिसले की मेट पेशी जाग्या होतात. तयार जीवनसत्त्वाने होत नाहीत. फॉलिक अ‍ॅसिडचा तुकडाही त्याच हातात बसतो, पण त्यानेही होत नाहीत. आणि हे अर्धवट रेणू फार नाजूक असतात, काही तासांत मोडतात, म्हणून इतकी वर्षं कुणाला सापडले नाहीत. परदेशातल्या संशोधकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी शोधून काढलं, ती म्हणाली.

समोरच्या रांगेतले लोक माना डोलवत होते. मी अध्यक्षीय समारोप केला. म्हणालो, "विषय अतिशय सोप्या भाषेत मांडला." मग चहा झाला.

त्यानंतर पाच महिने मी अकोल्याला गेलो नाही. आधी उन्हाळा होता, मग गुडघे. शेवटी दिवाळीनंतर गेलो. सर चौऱ्याऐंशीचे आहेत. जठारपेठेत मुलीकडे राहतात. मुलीने दार उघडलं आणि आतल्या बाजूला मोठ्याने म्हणाली, "बाबा, अमरावतीचे काका आले."

सर खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. "ये बापू. लठ्ठ झाला."

मी व्याख्यानाचं सांगितलं. ते पुढे सरकले. त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे नव्हतं, माझ्या बोलण्याकडे होतं. "मोडते म्हंते ना? मंग ते लोक टिकवते कसं?"

"जंतूच्या आत साखर फुटताना एक छोटा रेणू निघतो. तो याला चिकटतो. मग एमआर-वनने धरून ठेवलं की टिकतं."

"साखर फुटतानी." त्यांनी डोळे मिटले. "मी साखर कमी टाकत होतो. रंग सोच्छ दिसावा म्हनून. पाह्य, तिथं चुकलो." आणि हसले. आपलं बरोबर निघालं म्हणून हसले नाहीत, आपली चूक सापडली म्हणून हसले.

मग मी साडेअकराची नळी सांगितली. सगळी सांगितली, पट्टी धुतल्यापर्यंत. मुलगी दारात उभी होती, ती आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला.

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी सोडून देल्लं ना बापू. तुयं पाहून सोडून देल्लं."

"हो सर."

"मुलाखत होती तुयी."

"हो."

"पेढे आलते." मला वाटलं की आता हाकलतील. मी त्यासाठीच गेलो होतो, असं म्हणायला हरकत नाही. हाकललं की माणूस मोकळा होतो. पण त्यांनी खाटेखालची पेटी ओढायला लावली. आत वह्या होत्या. त्यांनी हवी ती वही काढली, पान उघडलं. तारीख, जागा अमरावती, पेशी बापूच्या, पाणी अकोल्याचं, आणि पुढचा रकाना रिकामा. माझा अहवाल त्यांनी मानला होता, पण दुसऱ्याने मोजलेला आकडा स्वतः न पाहता वहीत लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढलं.

"किती होत्या?"

"दोनशेत एकोणीस."

"पुन्हा मोजल्या?"

"दोनदा. दुसऱ्यांदाही एकोणीस."

पेन कागदाला टेकलं. आणि थांबलं.

"साडेअकराले सोबत दुसरी नळी ठेवली होती? तुह्या पेशी आन् नुसतं साधं पानी? मायं पानी न टाकलेली?"

ती नळी नसेल तर पेशी कशाने फुगल्या ते सांगता येत नाही. माझ्या रक्तामुळे, काचेच्या मळामुळे, कशानेही. हे त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"चारच्या नळ्यांसोबत होती," मी म्हणालो.

"चारची साडेअकराले लागत नाई."

"नव्हती सर. चोरून करत होतो. एकच ठेवली."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. सावकाश, दोन वेळा दाबून. वही मिटली.

"मंग नाई लिहिता येत, बापू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. "बस. जेवून जा."

मी जेवलो. कुणी मला वाढताना आग्रह केला नाही.

त्यांच्या वहीतला रकाना अजून रिकामा आहे आणि तिथे माझा आकडा कधीच बसणार नाही. म्हणून तो इथे लिहितो, जिथे नियम एवढे कडक नसतात. अमरावती, सकाळी साडेअकरा, ताजं पाणी, पेशी माझ्या. दोनशेत एकोणीस. तुलनेची नळी ठेवली नव्हती.